हातपाय, जबडा वेगळेच हलायला लागले तर: मोबाईल काढा, वेळ लिहा

माझा धाकटा भाऊ एमडी घ्यायचा. एमडी म्हणजे मेफेड्रोन, २०१५ पासून एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलेलं. आम्हाला पुडी कधी सापडलीच नाही, सापडला तो पंख्याचा रेग्युलेटर. रात्री दोन वाजता तो खोलून स्टीलच्या ताटलीत स्क्रू लहान-मोठे लावत बसला होता. लावायचे, विस्कटायचे, परत लावायचे. दातांची करकर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होती. आई म्हणाली, "दात खातोय, जंत झाले असतील."

जंत नव्हते. अशी नशा मेंदूतलं डोपामिन हे रसायन एकदम वाढवते आणि हालचालींवरचा ताबा सुटतो. त्या स्क्रूच्या खेळाला डॉक्टर 'पंडिंग' म्हणतात. हा शब्द स्वीडनमधल्या नशेकऱ्यांच्या बोलीतून आला. बोटं वळवळणं, खांदे उडणं, नाचल्यासारखे पाय पडणं, याला 'कोरिया' म्हणतात.

असं दिसलं की आधी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, चेहरा आणि हात दोन्ही येतील असा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हालचाल थांबलेली असू शकते, म्हणून हा व्हिडिओ लागतो. वहीत वेळ लिहा, शेवटची झोप कधी झाली तेही लिहा. त्याला धरून ठेवू नका, हातातलं हिसकावू नका. ट्यूबलाइट बंद करा, एकानेच हळू बोला. अंग तापलंय आणि कडक झालंय, छातीत दुखतंय, फिट आली किंवा तो बरळतोय, तर वाट न बघता १०८ लावा. गाडी येईपर्यंत ओल्या कपड्याने अंग पुसा, पंखा लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांपासून नशा लपवू नका. आम्ही लपवली. तो फार उसळत होता म्हणून त्याला शांत करायचं इंजेक्शन दिलं. रात्री त्याची मान एका बाजूला वळून अडकली, डोळे वर गेले. आई देवाचा अंगारा लावत होती. तो 'डिस्टोनिया' होता, त्या औषधाचाच परिणाम. कोकेन, म्हणजे एमडीसारखीच उत्तेजक नशा, घेणाऱ्यांत हा धोका जास्त असतो, हे मला नंतर कळलं. दुसरं इंजेक्शन दिल्यावर मान सुटली, पण तोवरचा त्याचा चेहरा मी विसरलेले नाही.

पोलिसांची भीती वाटते, मला माहीत आहे. पण स्वतःच्या वापरापुरता थोडा माल असलेला माणूस सरकारमान्य केंद्रात आपणहून उपचार घ्यायला गेला, तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. मात्र उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करून जवळचं केंद्र विचारा.

नशा सुटल्यावर बहुतेकांच्या हालचाली कमी होत जातात. आठवडे उलटूनही थांबल्या नाहीत तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा, तोच व्हिडिओ घेऊन. भावाचे खांदे तीन आठवड्यांत शांत झाले. दात मात्र झोपेत अजून खातो. डेंटिस्टने रात्री लावायची कॅप दिली आहे, ती आई रोज धुऊन त्याच्या उशाशी ठेवते.