लाकडी जमिनीची करकर अशी थांबवली

जुनं फ्लोअरिंग काढलं की खालचा प्लायवूड उघडा पडतो. करकर बंद करायची हीच वेळ, नंतर तिथे हात पोचत नाही. खोलीभर सावकाश चालत आवाजाच्या जागी खडूने खुणा केल्या. लाकूड वाळून आकसतं, खिळा सैल होतो आणि पाय पडला की प्लाय त्यावर घासतो, आवाज त्याचाच. म्हणून पुन्हा खिळे ठोकू नका! जुन्या खिळ्यांच्या रांगेवरून खालचा वासा कुठे आहे ते कळतं. त्याच रेषेत, प्लायवर उभं राहून, २.५ इंची लाकडाचे स्क्रू डोकं किंचित आत जाईपर्यंत पिळले. एका ठिकाणी प्लाय आणि वासा यांत खालून फट दिसली, तिथे गोंद लावलेली पातळ पाचर हातानेच सरकवली. ठोकून बसवली तर जमीन वर उचलली जाते.