मायक्रोबायोलॉजीत एमडी, आणि पुढे रेझिस्टन्सवर संशोधन

एमडीच्या प्रवेशाच्या काउन्सेलिंगच्या दिवसांत दरवर्षी फोन येतात. रेडिओलॉजी आणि स्किन हातून गेलेलं असतं, मेडिसिनची सीट मिळत नसते, आणि समोर मायक्रो (मायक्रोबायोलॉजी) उरलेलं असतं. घरच्यांचा प्रश्न ठरलेला : "म्हणजे पेशंट बघायचेच नाहीत का?" मेडिकल कॉलेजात इतकी वर्षं हाच विषय शिकवल्यावर मी सांगते, की बघायचे असतात. आयसीयूतल्या पेशंटला उद्या सकाळी कोणतं अँटिबायोटिक लागणार, हे बऱ्याचदा तुमच्या टेबलावर ठरतं.

कॉलेज निवडताना इमारत आणि मशिनं बघून भुलू नका. तिथल्या सेकंड इयर रेसिडेंटला गाठून विचारा, रोज ब्लड कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून बघण्याची तपासणी) किती येतात? क्यूसीचं, म्हणजे चाचण्यांच्या गुणवत्ता तपासणीचं, रजिस्टर रोज भरतात, की तपासणीची तारीख कळली की एका बैठकीत? आणि मिळालेले जिवाणू उणे 70–80 अंशांच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवतात की ऑटोक्लेव्ह करून (वाफेने मारून) टाकतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "टाकतात" असेल, तर त्या विभागात संशोधन कठीण आहे. दोन वर्षांनी एखाद्या जिवाणूचं जीनोम सिक्वेन्सिंग करावंसं वाटलं, तर तो जिवाणूच नसतो.

पहिलं वर्ष कंटाळवाणं वाटेल. मीडिया (जिवाणूंचं खाद्य) ओतणं, स्ट्रीकिंग (जिवाणू प्लेटवर पसरवणं), ग्राम स्टेन (रंग देऊन बघणं). पण रेझिस्टन्सचं, म्हणजे जिवाणूंनी अँटिबायोटिकला न जुमानण्याचं, सगळं शास्त्र याच कामावर उभं आहे. जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाची डिस्क ठेवायची आणि तिच्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजायचा. म्युलर-हिंटन अगारची प्लेट साधारण 4 मिलिमीटर जाड हवी. पातळ झाली तर औषध कमी खोलीत पसरतं, डिस्कभोवतीचा झोन मोठा दिसतो आणि रेझिस्टंट जिवाणू सेन्सिटिव्ह म्हणून रिपोर्टवर जातो. जिवाणूंचं सस्पेन्शन 0.5 मॅक्फारलँड या ठरलेल्या गढूळपणापेक्षा दाट झालं की उलट होतं, झोन आक्रसतो. म्हणून ई. कोलाय एटीसीसी 25922 आणि स्यूडोमोनास 27853 हे क्यूसीचे स्ट्रेन (ज्यांचा झोन आधीच माहीत आहे असे प्रमाण जिवाणू) लावायचे असतात. त्यांचे झोन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तर त्या दिवसाचा रिपोर्ट थांबवायचा. वॉर्डातून कितीही फोन आले तरी.

कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकचं उदाहरण घ्या. हा रेणू मोठा असल्यामुळे अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे डिस्कवर त्याची चाचणी ग्राह्य नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव मीडियात औषधाचं प्रमाण पायरीपायरीने बदलून बघणं) करावं लागतं. 2020 पासून या चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेने कोलिस्टिनची 'सेन्सिटिव्ह' ही श्रेणीच काढून टाकली. तरीही 'कोलिस्टिन : सेन्सिटिव्ह' असे डिस्कवर केलेले रिपोर्ट मी अलीकडेही पाहिले आहेत. प्रोटियस या जिवाणूचा कोलिस्टिनला सेन्सिटिव्ह म्हणून रिपोर्ट आला, तर सही करण्याआधी थांबा. प्रोटियस जन्मजात रेझिस्टंट असतो. म्हणजे एकतर ओळख चुकली आहे किंवा चाचणी. मशीनचा प्रिंट आला म्हणून तो खरा, असं धरणारा रेसिडेंट मला काळजीत टाकतो.

वॉर्डात जायची लाज वाटू देऊ नका. ब्लड कल्चरची बाटली फ्लॅग झाली (मशीनने वाढ दाखवली) की स्वतः फोन करा : "सर, बेड नंबर सातचं कल्चर फ्लॅग झालंय, ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय दिसतायत, सध्या पेशंट कशावर आहे?" दोनपैकी एकाच बाटलीत कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ आला, तर तो त्वचेवरून बाटलीत मिसळलेला असण्याची शक्यता जास्त, पण पेशंटला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) आहे का, ताप आहे का, हे विचारल्याशिवाय ठरत नाही. सुरुवातीला काही कन्सल्टंट उडवून लावतात. सहा महिन्यांनी तेच फोन करतात.

थीसिसबद्दल. 'आमच्या रुग्णालयातील ईएसबीएलचं (बरीच अँटिबायोटिक निकामी करणाऱ्या एन्झाइमचं) प्रमाण' हा विषय इतका चघळला गेलाय की परीक्षकही पुढची पानं उलटतो. प्रमाण काढायचंच असेल तर निदान नीट काढा. एकाच पेशंटचा तोच जिवाणू पाच वेळा आला असेल तर पहिलाच मोजायचा, आणि एखाद्या जिवाणूचे किमान 30 आयसोलेट (पेशंटच्या नमुन्यातून वेगळे काढलेले जिवाणू) नसतील तर टक्के काढायचे नाहीत. व्होनेट हे अशा नोंदींसाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या महिन्यापासून त्यात नोंदी करा. शिवाय कल्चर कोणाचं पाठवलं गेलं, हेही पाहा. आयसीएमआरच्या 2013 साली सुरू झालेल्या रेझिस्टन्स-पाहणीच्या नेटवर्कमध्ये क्लेबसिएला या जिवाणूची इमिपेनेम या कार्बापेनेम गटातल्या राखीव अँटिबायोटिकला संवेदनशीलता 2016 मध्ये 65 टक्के होती, ती 2021 मध्ये 43 वर आली. आकडा गंभीर आहेच. पण तो मुख्यतः मोठ्या रुग्णालयांचा आहे, जिथे पेशंट दोन-तीन अँटिबायोटिक खाऊनच पोहोचतो. तालुक्याच्या ठिकाणच्या लघवीच्या संसर्गाला तो जसाच्या तसा लावला, तर तिथल्या डॉक्टरला आपणच विनाकारण मोठ्या औषधाकडे ढकलतो.

रोजच्या कामातून संशोधन कसं निघतं, याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण मुंबईचं आहे. हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने कार्बापेनेमला न जुमानणारे जिवाणू बाजूला काढून तपासले आणि तीन महिन्यांत एनडीएम-1 (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, कार्बापेनेम निकामी करणारं एन्झाइम) तयार करणारे 22 सापडले. तो लेख जपी या भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात मार्च 2010 ला आला. लॅन्सेटमधला गाजलेला लेख त्यानंतरचा. नावात दिल्ली का, यावर पुढे जे भांडण झालं त्यात हा मुंबईचा लेख मागे पडला, याचं मला अजून वाईट वाटतं.

एमएस्सी मेडिकल मायक्रोबायोलॉजीवाल्यांसाठी थोडं वेगळं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2020 च्या नियमांनी मेडिकल कॉलेजातल्या मायक्रोबायोलॉजीत बिगरवैद्यकीय शिक्षकांचं दार बंद केलं, 2025 च्या नियमांनी पीएचडीधारकांसाठी पुन्हा उघडलं. असे नियम बदलत राहतात, म्हणून एकट्या अध्यापनावर विसंबू नका. पुण्यात एनसीसीएस, एनसीएल, आयसर या संशोधन संस्था आहेत, मुंबईत हाफकिन आहे. पीएचडीसाठी तिकडे बघा, पण एखाद्या रुग्णालयाशी सहकार्य असलेला गाईड शोधा. क्लिनिकल आयसोलेट आणि पेशंटची माहिती तिथूनच मिळते.

पैशाचं सरळ सांगते : सर्जनइतके मिळत नाहीत. एमडीनंतर सरकारी कॉलेजवाल्यांना बॉन्ड, मग एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी, मग असिस्टंट प्रोफेसर. कॉर्पोरेट रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोलची जागा पगाराने बरी असते, पण प्रोजेक्टला वेळ मिळत नाही.

अजून एमबीबीएसलाच असाल, तर आयसीएमआरची एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना करून बघा. दोन महिन्यांचं काम असतं. विषय लहान घ्या : एका वॉर्डातल्या ब्लड कल्चरच्या किती बाटल्या अँटिबायोटिक सुरू झाल्यानंतर भरल्या गेल्या, एवढंच मोजा. एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि तिच्या बैठका रोज होत नाहीत, तेव्हा गाईडला अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात भेटू नका.