पद्मिनीचं स्टिअरिंग उतरवण्याआधी

जुन्या गाड्यांच्या कामात नव्याने येणारी मुलं मला बहुतेक वेळा इंजिनाबद्दल विचारतात. मी त्यांना आधी स्टिअरिंग व्हील उतरवायला लावतो. काम एका नटाचं आहे, पण त्यात इलेक्ट्रिकल येतं, स्टिअरिंग बॉक्स (व्हीलचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) येतो, इंडिकेटर येतो, आणि मुख्य म्हणजे मॅन्युअल वाचल्याशिवाय हात लावायचा नाही ही सवय लागते. मी आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड केला. पुढे रिस्टोरेशनच्या, म्हणजे जुन्या गाड्या मूळ रूपात आणण्याच्या कामात आलो तेव्हा पाना मला चालवता येत होता. कोणत्या गाडीचं कोणतं पुस्तक उघडायचं, हे शिकायला मात्र पुष्कळ वेळ लागला. म्हणून त्याबद्दल आधी लिहितो.

उदाहरण प्रीमियर पद्मिनीचं घेऊ. मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी आपल्याकडे अजूनही भरपूर सापडते. मूळ गाडी इटलीची, फियाट ११०० डी. आपल्याकडे ती आधी ११०० डिलाइट, मग थोडा काळ प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. नवा माणूस साहजिकच ‘११०० डी’चं परदेशी मॅन्युअल शोधतो, ते मिळतंही, आणि इथेच घोळ सुरू होतो. इटलीतल्या डीचं इंजिन १२२१ सीसीचं होतं. आपल्या गाडीचं १०८९ सीसीचं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, दोन्हींचा ७५ मिलिमीटर, पण बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तिकडे ७२ आणि इकडे ६८. म्हणजे डीच्या पुस्तकातले पिस्टनचे आणि रिंगांचे आकडे पद्मिनीला लावले तर सगळंच चुकेल. १०८९ सीसीचे आकडे डीच्या आधीच्या ११०० च्या किंवा नंतरच्या ११०० आरच्या पुस्तकात शोधावे लागतात. पण आरमध्ये गिअरचा दांडा खाली फ्लोअरवर गेला होता, त्यामुळे स्टिअरिंग कॉलमचं (व्हीलपासून खाली जाणाऱ्या नळीचं) चित्र तिथून घ्यायचं नाही. पद्मिनीचा गिअर कॉलमवरच. तेव्हा बॉडी आणि कॉलम डीच्या पुस्तकातून, इंजिन दुसऱ्या पुस्तकातून. त्यातही शेवटच्या काळातल्या एस१ मॉडेलचा गिअर फ्लोअरवर आहे आणि डिझेल पद्मिनीचं इंजिनच वेगळं, १३६६ सीसीचं. म्हणून पुस्तक उघडण्याआधी गाडीवरची प्लेट पुसून इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि वर्ष वहीत उतरवून घ्या.

अॅम्बॅसॅडरचंही असंच. तिचं मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री, त्यामुळे जुन्या मार्कच्या (म्हणजे आवृत्तीच्या) गाड्यांना त्या विलायती गाडीचं पुस्तक पुष्कळ ठिकाणी लागू पडतं. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड असेल तर ट्रायम्फ हेरल्डचं. आणखी एक फरक लक्षात ठेवा : फियाटला मिलिमीटरचे पाने, जुन्या अॅम्बॅसॅडरला इंची. जवळपास बसणारा पाना लावला की नटाचे कोपरे जातात, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा नट तसाच दुसरा मिळेल याची खात्री कुणी देत नाही.

पुस्तकं तीन प्रकारची असतात. मालकाला गाडीबरोबर मिळणारी छोटी पुस्तिका, वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग. नवी मुलं वर्कशॉप मॅन्युअलच्याच मागे असतात. माझ्या मते पहिल्यांदा कॅटलॉग मिळवावा. त्यात प्रत्येक जोडणीचं सुटं-सुटं चित्र असतं : व्हील, नट, वायसर, स्प्रिंग, हॉर्नचा कॉन्टॅक्ट, सगळं ज्या क्रमाने बसतं त्याच क्रमाने काढलेलं. भाषा कळली नाही तरी चित्र कळतं. इटालियन कॅटलॉगवर मी असंच काम केलं आहे.

शोधायचं कुठे? पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे सुट्या भागांच्या ढिगात कधीकधी पुस्तकंही असतात. नाना पेठेतल्या आणि मुंबईत ऑपेरा हाऊसकडच्या जुन्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत कॅटलॉग विकायला नसला, तरी काउंटरखाली असू शकतो. नम्रपणे विचारलं तर हव्या त्या पानाचा फोटो काढू देतात. मालकांच्या क्लबांत स्कॅन केलेल्या प्रती फिरतात. परदेशातून जुनं छापील पुस्तक मागवता येतं, पण मागवण्याआधी विकणाऱ्याकडून अनुक्रमणिकेचा फोटो घ्या आणि त्यात मॉडेल, वर्षं आणि सीसी तपासा. आणि टॅक्सीचे जुने मिस्त्री! मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. ज्या लोकांनी आयुष्यभर या एकाच गाडीचे कॉलम उघडले, ते अजून आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. हे काम मला सगळ्यात तातडीचं वाटतं, कारण त्यांना जे माहीत आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही.

आता प्रत्यक्ष काम. आधी हे ठरवा की व्हील उतरवायला हवंच का. गाडी सरळ चालताना व्हील वाकडं दिसतं म्हणून पुष्कळ जण ते काढून, ज्या शाफ्टवर ते बसतं त्याचे दोन दाते फिरवून बसवतात. तसं करू नका. पद्मिनीच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये वर्म (मळसूत्रासारखा गिअर) आणि त्यावर चालणारा रोलर असतो, आणि तो बरोबर मधोमध असताना त्यातला प्ले, म्हणजे सैलपणा, सर्वांत कमी असतो. व्हील वाकडं असेल तर बहुधा टायरॉडची (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची) लांबी दोन्ही बाजूंना जुळलेली नसते. दोष तिथे दुरुस्त करायचा. व्हील नुसतं फिरवून बसवलं तर दिसायला सरळ होतं, पण गाडी सरळ धावताना बॉक्स मधोमध नसतो, शिवाय वळण संपल्यावर इंडिकेटर एका बाजूला लवकर आणि दुसरीकडे उशिरा सुटतो (बंद होतो). रिमला तडे गेले असतील, इंडिकेटरचा स्विच बदलायचा असेल किंवा कॉलमच्या वरच्या बुशचं (शाफ्टला आधार देणाऱ्या कडीचं) काम असेल, तर मात्र उतरवावंच लागतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नाहीतर हॉर्न वाजत राहतो आणि उघडी वायर टेकून काही जळूही शकतं. पुढची चाकं सरळ करा. मधलं झाकण किंवा हॉर्नची रिंग काढताना डिसमिसच्या टोकावर कापड गुंडाळा. हे जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. आतल्या स्प्रिंगा आणि वायसर निघतील त्या क्रमाने फडक्यावर मांडा आणि फोटो काढा. नट दिसला की शाफ्टच्या टोकावर आणि व्हीलच्या बॉसवर (मधल्या जाड भागावर) समोरासमोर पंचने खूण करा. मार्करची खूण तेलाने पुसली जाते, पंचची राहते.

नट गोटी पान्याने सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे अडकलेले राहू द्या. जोर लावून ओढलेलं व्हील अचानक सुटतं, आणि नट नसेल तर थेट तोंडावर येतं. दात्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी आलटून-पालटून हलवत ओढा. नाहीच आलं तर पुलर (व्हील ओढून काढायचं हत्यार) लावा, आणि त्याचे पाय बॉसवर घ्या, रिमवर किंवा दांड्यांवर कधीच नको.

हातोडीबद्दल मी मुलांना फार कडकपणे सांगतो. शाफ्टच्या टोकावर मारलेला घाव वरच थांबत नाही, तो खाली वर्मपर्यंत आणि त्याच्या बेअरिंगपर्यंत जातो. बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडले की पुढे स्टिअरिंग अडखळत फिरतं आणि बॉक्स खोलण्याशिवाय इलाज उरत नाही. टोकाचे आटे चेपले तर नट परत नीट बसत नाही, आणि हा नट सुटला तर चालत्या गाडीत व्हील हातात येईल.

रिमच्या तड्यांसाठी एक सांगतो. शक्यतो तेच व्हील एपॉक्सी भरून, घासून, रंगवून परत बसवा. २०२१ पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते आणि त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. पद्मिनी नावाने निघालेल्या पहिल्या गाड्यांनी आता ती पन्नाशी ओलांडली आहे. बाजारातलं चकचकीत स्पोर्ट्स व्हील लावायला मालक सांगेल, तेव्हा त्याला हे समजावणं हा आपल्या कामाचाच भाग आहे.

बसवताना दाते ब्रशने साफ करा, ग्रीसचा पातळ हात द्या, खुणा जुळवा आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरावीक जोराला) आवळा. बॅटरी जोडल्यावर हॉर्न व्हीलच्या प्रत्येक स्थितीत वाजतो का पाहा, डावा-उजवा इंडिकेटर आपोआप सुटतो का पाहा. मग रिकाम्या मैदानात हळू वेगाने दोन्हीकडे पूर्ण वळवून आणा, आणि परत आल्यावर तो नट पुन्हा एकदा तपासा.