जुन्या जीपचा हँडब्रेक हलवताना किंवा बदलताना

विलीजने १९५३ साली आणलेली उंच बॉनेटची सीजे-३बी महिंद्रा कंपनीने परवाना घेऊन पुढे अनेक वर्षे भारतात बांधली, आणि आज मॉडिफाय होऊन रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या जीपमध्ये याच घराण्याच्या गाड्या पुष्कळ असतात. इंजिन बदलले, गिअरबॉक्स बदलला, बकेट सीट आणि मधला कन्सोल बसला, की डॅशबोर्डखालची हँडब्रेकची मूठ एकतर हाताला येत नाही किंवा तिची केबल नव्या गिअरबॉक्सला घासू लागते. अशा वेळी बहुतेक मालक आधी नवा लिव्हर विकत आणतात आणि मग तो कुठे बसेल ते शोधतात. काम याच्या उलट क्रमाने व्हायला हवे: ब्रेक नेमका कुठे पकडणार आहे ते आधी ठरवावे, मग केबलची वाट आखावी आणि लिव्हरची जागा सर्वांत शेवटी निश्चित करावी.

मूळ जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीतून, मागचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) जिथे बाहेर पडतो, तिथे एक छोटा ड्रम असतो आणि हँडब्रेक तो ड्रम पकडतो. एवढासा ड्रम सगळी गाडी कशी धरतो, हे आकडे मांडले की कळते. सामानासकट गाडी १,५०० किलोची धरली, तर २० टक्के चढावर तिला मागे ओढणारा जोर सुमारे २९५ किलो भरतो. चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरल्यास चाकांपाशी मिळून साधारण १०६ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, अडवावा लागतो. मात्र डिफरन्शियलचे (शाफ्टची फिरकी मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरसंचाचे) गुणोत्तर ५.३८ असल्यामुळे शाफ्टवर तोच टॉर्क २० किलो-मीटरच्या आत येतो. हाच ब्रेक चाकांवर नेला, तर प्रत्येक मागच्या चाकाला ५३ किलो-मीटर पेलावे लागतात. ३१ इंची टायर बसवले असतील, तर यात आणखी साधारण नऊ टक्के भर घालावी.

म्हणून ट्रान्सफर केस मूळचीच असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: ड्रम जागेवरच ठेवावा आणि फक्त लिव्हर व केबल बदलावी. या ब्रेकची बदनामी झाली आहे ती मुख्यतः एका ऑइल सीलमुळे. ट्रान्सफर केसचे मागचे सील गळू लागले, की तेल थेट ड्रममध्ये उतरते, लायनर (ड्रमला आतून पकडणाऱ्या शूवरचे घर्षणाचे अस्तर) तेलकट होतात आणि मूठ कितीही ओढली तरी गाडी सरकते. ड्रम उघडल्यावर आत काळा, चिकट थर दिसला, तर आधी सील बदलावे आणि तेल प्यालेले लायनर धुऊन पुन्हा न वापरता नवेच लावावेत.

या ब्रेकच्या काही मर्यादा मात्र खऱ्या आहेत. तो शाफ्टला धरतो, चाकांना नाही. त्यामुळे पुढच्या चाकांची ड्राइव्ह (फोर-व्हील) जोडलेली नसताना मागचे एक चाक जॅकवर उचलले, की डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक मोकळे होऊन गाडी जॅकवरून घसरू शकते. युनिव्हर्सल जॉइंटच्या (शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याच्या) कामासाठी मागचा शाफ्ट उतरवला, तर गाडीला हँडब्रेक उरतच नाही. चालत्या गाडीत तो जोरात ओढल्यास सगळा हिसका शाफ्ट आणि जॉइंटवर बसतो. पंक्चर काढताना चाकांखाली ठोकळे लावण्याची सवय असलेल्या माणसाला या ब्रेकचा त्रास होत नाही.

ट्रान्सफर केसच बदलली असेल, तर ब्रेक मागच्या चाकांवर नेण्यावाचून सहसा गत्यंतर नसते. जीपच्या मूळ मागच्या ड्रममध्ये केबलने शू उघडणारा दांडा नसतो, त्यामुळे नुसती केबल नेऊन काहीच साधत नाही. ज्या गाडीत तो दांडा कंपनीकडूनच येतो, तिची बॅक प्लेट, शू आणि ड्रम असा पूर्ण संच घ्यावा, किंवा अख्खी मागची हाउसिंगच (ॲक्सल आणि डिफरन्शियलचे आवरण) बदलावी. मागे डिस्क बसवायची असेल, तर जिच्या मधल्या भागात हँडब्रेकसाठी वेगळा लहान ड्रम असतो, अशी डिस्क शोधावी. कॅलिपरमध्येच (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या भागात) लिव्हर असलेली रचनाही चालते, पण घाट उतरून तापलेल्या डिस्कवर ती ओढून ठेवली आणि डिस्क थंड होऊन आकसली, की पकड ढिली पडते; अशी गाडी थोड्या वेळाने पुन्हा एकदा ओढून गिअरमध्ये ठेवावी लागते. दिसायला झोकदार असणारा हायड्रॉलिक हँडब्रेक मात्र पार्किंगसाठी मुळीच वापरू नये. तेलाचा दाब रात्रभर टिकेल याची खात्री नसते, आणि मुख्य ब्रेकची लाइन फुटली तर तोही त्याच्याबरोबर जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९६ वा नियम स्वतंत्रपणे चालणारी ब्रेक व्यवस्था मागतो, ती याच कारणासाठी.

आता लिव्हर. डॅशबोर्डखालची मूठ सरळ ओढली जाते, तिथे हाताच्या जोराला काहीच गुणक मिळत नाही. दोन सीटमधल्या लिव्हरची हातापासून खिळीपर्यंतची लांबी ३० सेंटिमीटर आणि खिळीपासून केबलच्या पिनपर्यंतचे अंतर ५ सेंटिमीटर असेल, तर जोर सहापट होतो. पण केबलची हालचालही तेवढ्याच पटीने घटते, म्हणजे हात १५ सेंटिमीटर वर आला की केबल जेमतेम २५ मिलिमीटर सरकते. तेव्हा ड्रमचा दांडा मोकळ्यापासून पूर्ण पकडीपर्यंत किती सरकतो ते पट्टीने मोजावे आणि त्याच्या निदान दीडपट हालचाल देणारा लिव्हर निवडावा. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जिप्सीचे लिव्हर मिळतात आणि या कामाला ते पुरतात. घेताना लिव्हरला ओढलेल्या जागी अडकवून ठेवणारे दात उजेडात धरून पाहावेत. टोके गोल झालेली असतील, तर तो लिव्हर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

लिव्हर नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यावर बसवू नये. जोर लावताच पत्रा वाकतो, आणि लिव्हर वर आलेला दिसत असूनही केबल ताणलेली नसते. पत्र्याखालून निदान ४ मिलिमीटर जाडीची प्लेट द्यावी, ती शक्य तर चासीच्या आडव्या पट्टीपर्यंत न्यावी आणि ८.८ दर्जाचे बोल्ट नायलॉकच्या (आत नायलॉनची कडी असलेल्या, सैल न होणाऱ्या) नटाने आवळावेत. केबलच्या बाहेरच्या आवरणाची दोन्ही टोके पक्क्या ब्रॅकेटमध्ये अडकलेली हवीत. एक टोक जरी हलते राहिले, तरी ओढलेला जोर आवरण वाकवण्यातच संपतो, आणि मिस्त्री मात्र लायनरला दोष देत बसतो.

चाकांवर ब्रेक नेला असेल, तर केबल पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या कडीजवळून मागे न्यावी. हाउसिंग वर-खाली होताना त्या वाटेवर लांबी सर्वांत कमी बदलते. सायलेन्सरच्या पाइपपासून ती दूर ठेवावी आणि कुठेही तीव्र वळण देऊ नये. दोन्ही बाजूंना सारखा जोर जावा म्हणून मध्ये तोल साधणारी पट्टी लागतेच. जोडणी झाल्यावर चासीखाली स्टँड लावून हाउसिंग लोंबू द्यावी आणि चाके हाताने फिरवून पाहावीत. अडत असतील, तर केबल आखूड आहे.

समायोजनाचा क्रम कधीही मोडू नये. केबल पूर्ण सैल सोडून आधी शू ड्रमला अलगद लागतील इतके आणावेत, आणि मगच केबलची ढिलाई काढावी. केबल ताणून शूची झीज झाकली, तर दांड्याची हालचाल लवकर संपते. पाचव्या ते सातव्या दाताला पकड यावी आणि लिव्हर खाली केल्यावर चाके मोकळी फिरावीत.

चाचणीसाठी युरोपीय नियमांचे माप सोयीचे आहे: पूर्ण भार असताना २० टक्के उतारावर, हाताने फार तर ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलो, जोर लावून गाडी थांबून राहिली पाहिजे. उतार मोजायला एक मीटरची फळी आणि पाणसळ पुरते. फळी समपातळीत धरल्यावर तिच्या उताराकडच्या टोकाखाली २० सेंटिमीटर फट राहिली, की उतार बरोबर आहे. चाकांपासून वीतभर अंतरावर ठोकळे ठेवावेत, गाडी न्यूट्रलमध्ये असावी, आणि नाक एकदा वर व एकदा खाली करून दोन्ही वेळा पाहावे, कारण ड्रमची पकड दोन्ही दिशांना सारखी असेलच असे नाही.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि ती पुढेमागे व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेले चालत नाहीत. अशा गाडीत वेल्डिंग टाळून मूळ छिद्रांवरच ब्रॅकेट बसवावेत आणि काढलेली मूठ, केबल व पट्ट्या नीट बांधून ठेवाव्यात. नवी केबल पहिल्या काही आठवड्यांत ताणते. तेव्हा पहिल्या सर्व्हिसिंगलाच ढिलाई पुन्हा काढून प्रत्येक क्लेव्हिसची (केबलच्या टोकाच्या यू-आकाराच्या जोडणीची) स्प्लिट पिन डोळ्याने तपासावी.