नागपुरात आर्किटेक्चर शिकताय? एआयच्या काळात आधी काय शिकावं

इंटर्नशिपसाठी ऑफिसात येणारी मुलं हल्ली एकच प्रश्न विचारतात: एआयमुळे आमचं काम जाईल का?

काम राहील. पण ज्या कामावर आमची पिढी घडली, ते तुमच्या वाट्याला फारसं येणार नाही. दरवाजे-खिडक्यांची शेड्यूल (मापं आणि संख्येचे तक्ते), टॉयलेटचे डिटेल, रात्रभर चालणारं रेंडर (इमारत कशी दिसेल त्याचं संगणकीय चित्र), यातून आमचा हात बसला. आता मिडजर्नीसारखं साधन मिनिटाभरात चार व्ह्यू समोर ठेवतं. ऑटोडेस्कच्या फॉर्मा या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचा नुसता ठोकळा मांडला तरी ऊन, वारा, आवाज यांचा अंदाज येतो. ही साधनं जरूर शिका, त्याला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्यांनी दिलेलं तपासायला शिकण्यात.

मशीनला ‘आधुनिक बंगला’ सांगा, ते बहुतेक वेळा पश्चिमेला मोठी काच लावून देईल. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा त्या काचेमागे दुपारी कोण बसणार? छज्जा किती बाहेर काढायचा, हे सूर्याच्या कोनावरून तुम्हाला काढता आलं पाहिजे. आणि कूलर! नागपूरच्या घरात तो कुठल्या खिडकीला बसेल, त्यात पाणी कुठून भरायचं, आत आलेली हवा कुठून बाहेर जाईल, हे प्लॅनमध्येच ठरावं लागतं. हवेला वाट नसेल तर घर नुसतं दमट होतं. एआयने काढलेल्या प्लॅनमध्ये मी हे सगळ्यात आधी बघतो, आणि बहुतेक वेळा त्याचा विचारच झालेला नसतो.

जमिनीचंही तसंच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून फाउंडेशनचा खड्डा खोदताना एकदा तरी स्वतः काठावर उभे राहा, माती संपून मुरूम कुठे लागतो ते बघा.

नियमांबाबत चॅटबॉटवर विसंबू नका. नागपूरला डिसेंबर २०२० पासूनची यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, मुंबईची नियमावली, डीसीपीआर २०३४, वेगळी. चॅटबॉट दोन्हींची सरमिसळ करून अगदी ठामपणे मार्जिन (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) सांगू शकतो. मूळ नियमावली उघडा, तिच्यातल्या दुरुस्त्याही वाचा. सॅंक्शनच्या, म्हणजे मंजुरीच्या ड्रॉइंगवर सही आर्किटेक्टची असते, आणि १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याखाली नोंदणी त्याची असते. चूक निघाली तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

बांधकामाच्या बाजूला जायचं असेल तर बिम (बीआयएम), म्हणजे इमारतीची सगळी माहिती भरलेलं संगणकीय मॉडेल करायला शिका. आपल्या मेट्रोच्या कामात फाइव्ह-डी बिम वापरलं गेलं, म्हणजे त्रिमितीय मॉडेलला वेळ आणि खर्चही जोडलेला. साईटवर फिरवलेल्या कॅमेऱ्याचे फोटो मॉडेलशी ताडून काम किती झालं हे सांगणारी सॉफ्टवेअर आता आहेत. पण उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी द्यायचं, असं काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. सातव्या दिवशी कोणी पाइप गुंडाळला, तर त्याला थांबवायला साईटवर माणूसच लागतो.

पोर्टफोलिओत एआयचे व्ह्यू खुशाल लावा. प्रत्येकाखाली तुम्ही काय बदललं आणि का, ते दोन ओळींत लिहा. मुलाखतीत मी आधी त्या दोन ओळी वाचतो.