मुलांच्या बॉक्सिंग-ज्युदो क्लबात कोणी कसं वागायचं? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत बॉक्सिंग, ज्युदो, तायक्वांदो, कराटे, किकबॉक्सिंगचे क्लास बहुतेक सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, शाळेच्या सभागृहात नाहीतर भाड्याच्या गाळ्यात चालतात. भिंतीवर नियमांची फ्रेम असते: वेळेवर या, नखं कापा, सरांना वाकून नमस्कार करा, उलट बोलू नका. सगळे नियम मुलांसाठी. सरांनी काय करायचं नाही, पालकांनी कुठे बसायचं, तक्रार कोणाकडे न्यायची, याबद्दल एक ओळ नसते. क्लबात मोठं काही बिघडतं ते मात्र बहुतेक वेळा मोठ्यांच्याच वागण्यातून. म्हणून इथे सुरुवात मोठ्यांपासून.

स्पारिंगची (जोडीदाराशी सरावाच्या लढतीची) शिक्षा करणं

उशिरा आलेल्या, उलट बोललेल्या किंवा दांडी मारलेल्या मुलाला "आज मोठ्या दादासमोर उतर" म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अशा वेळी पाहणाऱ्यांना मजा वाटते, मोठ्या दादाला सरांना खूश करायचं असतं आणि लहान मुलगा घाबरून डोळे मिटतो. डोळे मिटलेल्या मुलाला ठोसा येताना दिसत नाही, मान सैल राहते आणि डोकं जोरात हलतं. शिस्तीसाठी शिक्षा द्यायचीच असेल तर मॅट पुसायला लावा, त्या दिवशी बाजूला बसवा. समोर माणूस उभा करू नका.

स्पारिंगची जोडी लावताना तीन गोष्टी बघायच्या: वजन, वय आणि किती महिने शिकतोय. चौदाच्या आतल्या मुलांत वजनातला फरक ३-४ किलोच्या आत ठेवावा. नव्या मुलाला पहिले तीन महिने डोक्यावर संपर्क नको. ज्युदो-कुस्तीत पाठीवर पडणं नीट जमेपर्यंत उभ्याने फेकायचे डाव नकोत. ही अट उगाच नाही. जपानमध्ये १९८३ नंतरच्या तीन दशकांत शाळांतल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावली, त्यांत डोक्याच्या दुखापतींचा वाटा मोठा होता आणि नवशिके बरेच होते. गळा आवळण्याचे आणि कोपर मोडण्याचे डाव लहान बॅचमध्ये बंदच ठेवावेत.

जोर किती लावायचा हे घंटा वाजण्याआधी मोठ्याने सांगा: "आज तीस टक्के जोराने, फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा)." नुसतं "हळू मार" म्हटलं की प्रत्येक मुलगा स्वतःचा अर्थ लावतो. एका वेळी एका प्रशिक्षकाने दोनच जोड्या बघाव्यात. आठ जोड्या सोडून फोनवर बोलत उभं राहणं म्हणजे देखरेख नव्हे. जोडीत जो मोठा किंवा जुना, जोर आवरायची जबाबदारी त्याची. लहानाचा ठोसा जोरात बसला म्हणून मोठ्याने परतफेड केली, तर मोठ्याचं स्पारिंग तिथेच थांबवायचं.

हेडगार्डवर भिस्त ठेवणं ही याच्या जोडीची चूक. हेडगार्डने कपाळ फुटणं, कान सोलवटणं वाचतं. मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. हेडगार्ड घातलाय म्हणून जोर वाढवू देणारा प्रशिक्षक मुलाला उलट जास्त धोक्यात घालतो. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा प्रकार चालेल, पण दुधाचे दात पडत असलेल्या मुलाला तो काही महिन्यांत बसेनासा होतो. दर सत्राला तपासा. दातांना तारा असतील तर आधी दातांच्या डॉक्टरांना विचारा. आणि लाल रंगाचा घेऊ नका. हौशी बॉक्सिंगच्या स्पर्धेत तो चालत नाही, कारण तोंडातलं रक्त पंचांना दिसायला हवं.

"ठीक आहेस ना?" विचारून पुन्हा उतरवणं

या प्रश्नाला मुलगा "हो सर" म्हणणारच. सगळी बॅच बघत असते, बाबा खुर्चीत बसलेले असतात. म्हणून प्रश्न बदला: आज कोणता वार? आत्ता आपण काय करत होतो? तुझ्याबरोबर कोण होतं? उत्तराला वेळ लागला, चाल डगमगली, डोकं दुखतंय म्हणाला, उजेड सहन होईना, किंवा नुसतं "कसंतरी होतंय" म्हणाला, तर त्या दिवसाचा सराव संपला. शुद्ध हरपलेली असणं गरजेचं नाही. मेंदूला हादरा बसलेल्या बहुतेकांची शुद्ध जात नाही.

त्याला एकटं बसवू नका, एकट्याला रिक्षात किंवा लोकलमध्ये बसवून पाठवू नका. पालकांना फोन करून समोरासमोर ताब्यात द्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळी देऊ नका. उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, झोप आवरत नसेल, झटका आला, एका हातापायात जोर राहिला नाही, किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, तर थेट रुग्णालय. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर मुलाला हलवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन होतो, त्याचं नाव आणि नंबर दाराजवळ लावून ठेवा. संध्याकाळी सातला घोडबंदर रोडवर किंवा वाशी-कोपरखैरणेच्या सिग्नलांवर अडकल्यावर हे शोधायला वेळ नसतो.

परत येण्याची वाट ठरलेली आहे. पहिले २४ ते ४८ तास आराम, स्क्रीन कमी. मग रोजची हालचाल, मग चालणं-सायकल, मग एकट्याने फूटवर्क आणि शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव), मग संपर्काशिवाय सराव. पूर्ण संपर्काचा सराव डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतरच, आणि स्पर्धा सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास परत सुरू झाला तर एक पायरी मागे. पूर्ण संपर्काआधी मुलाला शाळेचा पूर्ण दिवस नीट झेपायला हवा. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियमांत डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झालेल्याला किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती असते, तीन महिन्यांत दोनदा झालं तर ९० दिवस. पुढच्या रविवारी स्पर्धा आहे हे कारण इथे चालत नाही.

इथे पालकांचीही एक चूक होते. मूल सोम-बुध एका क्लबात ज्युदो आणि शनिवारी दुसरीकडे किकबॉक्सिंग करत असतं. एका ठिकाणची दुखापत दुसऱ्या ठिकाणी सांगितली जात नाही. शाळेच्या पीटी सरांसकट सगळ्यांना कळवा.

वजन उतरवायला लावणं

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन मल्ल काही आठवड्यांच्या अंतराने वजन उतरवताना मरण पावले. पाणी तोडून, गरम खोलीत, रबरी सूट घालून व्यायाम केला होता. तेच आपल्याकडे प्लॅस्टिकचं जॅकेट घालून, तलावपाळीला फेऱ्या मारून चालतं. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही आणि मुलाच्या अंगाचं तापमान चढत जातं. मे आणि ऑक्टोबरमध्ये तर हे सरळ उष्माघाताला आमंत्रण आहे.

वाढत्या वयाच्या मुलाने स्पर्धेसाठी वजन उतरवायचं नाही, एवढा एकच नियम पुरे. वजनगट कसा ठरवायचा? स्पर्धेच्या चार आठवडे आधी तीन सकाळी, काही खाण्याआधी वजन घ्या, सरासरी काढा, त्या आकड्याला जो गट येतो त्यात उतरा. मूल वाढतंय, तर गटही वाढेल. "४६ मध्ये मेडल सोपं आहे" म्हणून ४९ च्या मुलीला उपाशी ठेवणारे सर आणि त्यांना मान डोलावणारे आई-बाबा, दोघेही चुकतात. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या तर वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) प्रतिबंधित यादीत कायम असतात, स्पर्धा असो वा नसो. चाचणीत सापडलं तर बंदी मुलावर येते, गोळी आणून देणाऱ्या काकांवर ती येईलच असं नाही.

वजन सगळ्यांसमोर घेऊन आकडा ओरडणं बंद करा. मुलींचं वजन महिलेने घ्यावं, आडोशाला, कपड्यांत.

खुर्चीतून कोचिंग करणं

"मार! मार त्याला! काय बघतोयस?" हे वाक्य ऐकणाऱ्या मुलाला कळत नाही की कोपऱ्यातल्या सरांचं ऐकू की आईचं, आणि त्या अर्ध्या सेकंदात बचावासाठी वर धरलेले हात खाली येतात. आंतरराष्ट्रीय ज्युदोत तर प्रशिक्षकालाही लढत चालू असताना बोलायची मुभा नाही. पंचांनी "माते" म्हणून थांबवलं की मगच. २०२२ मध्ये जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा बंदच केली. पालक आणि प्रशिक्षक पंचांवर, मुलांवर ओरडत होते, कोवळ्या मुलांना वजन उतरवायला लावत होते. ज्युदो ज्या देशात जन्मला तिथे ही वेळ आली, हे इथल्या प्रत्येक पालकाने मनावर घ्यावं.

स्पर्धेत पालकांसाठी एकच जागा: प्रेक्षकांत. टाळ्या वाजवा, नाव घ्या. डाव सांगू नका, समोरच्या मुलाबद्दल बोलू नका, पंचांकडे जाऊ नका. हरकत घ्यायची असेल तर ती प्रशिक्षक घेतील, ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या पद्धतीने. हरल्यावर घरी जाताना गाडीत लढतीचं विच्छेदन नको. मूल स्वतः बोलेपर्यंत "काय खाणार?" एवढं विचारा. व्हिडिओ बघणं पुढच्या सरावाला, सरांसोबत.

"सर घरच्यासारखे आहेत" म्हणून सगळं चालवून घेणं

पकडीचा खेळ शिकवताना स्पर्श होणारच. म्हणूनच त्याचे नियम लागतात. डाव दाखवायचा तर शक्यतो प्रौढ सहकाऱ्यावर दाखवा. मुलाची पकड सुधारायची असेल तर आधी सांगा, "मी तुझा कोपर धरतोय", आणि सगळ्यांसमोर धरा. मालिश, कोंडलेली खोली, एकट्याचा "स्पेशल" सराव, हे नाही. मुलींच्या बॅचला एक प्रौढ महिला हजर हवी.

मुलाशी खासगी चॅट नको. वेळापत्रक, निवड, रागावणं, काहीही असलं तरी पालक असलेल्या ग्रुपवर किंवा पालकांच्या नंबरवर. एकट्या मुलाला गाडीतून घरी सोडणं टाळा. बाहेरगावी, समजा पुण्यात बालेवाडीला, मुक्कामाची स्पर्धा असेल तर मोठ्यांच्या आणि मुलांच्या खोल्या वेगळ्या आणि मुलींबरोबर महिला व्यवस्थापक. कपडे बदलायच्या खोलीत फोन न्यायचा नाही, मुलांनीही नाही. दुसऱ्याच्या मुलाचा व्हिडिओ त्याच्या पालकांच्या परवानगीशिवाय रील म्हणून टाकायचा नाही.

पालकांचा वाटा इथे मोठा आहे. साडेआठला बॅच सुटते आणि नऊ वाजले तरी न्यायला कोणी येत नाही, तेव्हा एक मूल आणि एक मोठा माणूस रिकाम्या हॉलमध्ये उरतात. शेवटचं मूल जाईपर्यंत दोन प्रौढ थांबतील असा क्लबाचा नियम हवा. पंधरा मिनिटांपेक्षा उशीर होणार असेल तर पालकांनी आधी कळवावं आणि दुसऱ्या कोणाला पाठवणार त्याचं नाव सांगावं. "मामा आलाय" एवढ्यावर मूल सोडायचं नाही.

लैंगिक छळाची शंका आली तर क्लबात "चौकशी समिती" बसवून मिटवणं हा गुन्हा ठरू शकतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कलम १९ नुसार ज्याला माहिती कळली त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद. चाइल्डलाइन १०९८ चोवीस तास चालू असते. मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका, त्याचं नाव ग्रुपवर टाकू नका, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्यासमोर त्याला उभं करू नका.

पावसाळ्यात गजकर्ण लपवणं

जून ते सप्टेंबर एकमेकांत अडकवायच्या तुकड्यांच्या मॅटखाली पाणी शिरतं आणि वाळत नाही. आठवड्यातून एकदा मॅट उचलून खालची फरशी पुसा. रोज आधी साबणाचं पाणी, मग जंतुनाशक, आणि लेबलवर लिहिलेली मिनिटं मॅट ओली राहू द्या. लगेच कोरडी केली तर उपयोग नाही. चपला मॅटच्या कडेपर्यंत, अनवाणी पाय स्वच्छतागृहात नाहीत.

त्वचेवर गोल चट्टा दिसला तर मूल मॅटवर नको. अमेरिकेतल्या शालेय कुस्तीत औषध सुरू केल्यावर किमान ७२ तास आणि डोक्याच्या त्वचेवर असेल तर १४ दिवस बाहेर ठेवतात, तेच धरा. मेडिकलमधून विनाचिठ्ठी आणलेलं स्टेरॉईड मिसळलेलं मलम लावू नका. खाज थांबते, चट्टा फिका होतो आणि संसर्ग आतून पसरतो. मुलाची चेष्टा होऊ द्यायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून येईल.

मुलांनी पाळायचं

टॅप (हार मानल्याची खूण) आला की त्याच क्षणी सोडायचं. हाताने, पायाने किंवा तोंडाने, तिन्ही सारखे. टॅप उशिरा देण्यात शौर्य नाही. दुखलं तर सांगायचं. शाळेत, ट्यूशनला, सोसायटीत डाव वापरायचा नाही. वापरला तर क्लबात तात्पुरती बंदी, आणि ती जिल्हा विजेत्यालाही तितकीच.

वय आणि प्रमाणपत्र

दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी कोणत्याही "नॅशनल"ची फी भरण्याआधी ती संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. जन्मदाखल्यात फेरफार करून लहान गटात खेळवलं तर समोरच्या खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला पंधरा वर्षांच्या मुलाचा मार बसतो. नुसता नियमभंग म्हणून याकडे बघू नका.

तक्रार पुन्हा सरांकडेच जाणं

बहुतेक क्लब एका माणसाचे असतात. सरच मालक, सरच निवड करणार, सरच तक्रार ऐकणार. अशा ठिकाणी तक्रार येतच नाही आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. उपाय फार खर्चाचा नाही. दोन पालक, त्यांतली एक आई, आणि क्लबाशी पैशाचा संबंध नसलेली एक बाहेरची व्यक्ती, म्हणजे शाळेतल्या बाई किंवा ओळखीचे डॉक्टर, अशी तिघांची नावं आणि नंबर भिंतीवरच्या त्याच फ्रेममध्ये लावा. छळाची किंवा मारहाणीची तक्रार त्यांनी अडवून न ठेवता त्याच दिवशी पोलिसांकडे न्यायची. बाकी तक्रारींना सात दिवसांत लेखी उत्तर. तक्रार चालू असेपर्यंत त्या मुलाची निवड आणि बेल्ट टेस्ट सरांऐवजी दुसऱ्या प्रशिक्षकाने बघायची. दुखापतींची वही या तिघांना दर महिन्याला दाखवायची: तारीख, काय झालं, कोण हजर होतं, पालकांना किती वाजता कळवलं.