नोटीस काढण्याआधी, ज्यांना जमतंय त्यांच्या किचनमध्ये डोकावा

आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून दोन वर्षं नोटिसा लावल्या, दंडाची भीती घातली, मिसळलेल्या डब्यांचे फोटो ग्रुपवर टाकले (त्यातून फक्त भांडणं झाली), ढिम्म फरक पडला नाही. मग प्रश्नच उलटा केला. कोण करत नाही ते राहू दे, कोण करतंय?

हे कमिटीला विचारू नका, कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना विचारा. आमच्या मावशींनी बोटं मोजत अकरा घरं सांगितली आणि त्यातली निम्मी आमच्या डोक्यातसुद्धा नव्हती.

युक्ती माझी नाही हं. 1990 च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपं मुलांच्या कुपोषणावर काम करायला व्हिएतनामला गेलं, सरकारने हातात सहा महिने दिले. त्यांनी बघितलं की तितक्याच गरीब घरांमधली काही मुलं धडधाकट आहेत, ती कशी काय? तर त्यांच्या आया भातखाचरातली बारकी कोळंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला जेवणात घालायच्या आणि दोनदाच जेवू घालण्याऐवजी तेच अन्न दिवसभरात थोडं थोडं करून जास्त वेळा भरवायच्या.

यात "तितक्याच गरीब" हे महत्त्वाचं, सावकाराच्या पोराकडे बघून काय शिकणार? म्हणून आम्हीपण दिवसभर बाई असलेली दोन घरं यादीतून काढली, नाहीतर बाकीचे लगेच म्हणणार, त्यांचं काय जातंय.

आता खरी मेख. "तुम्हाला कसं जमतं?" विचारलं की उत्तर येतं, "काही नाही हो, सवय." म्हणून असं विचारा, "काल भाजी निवडलीत ना, देठं कुठे गेली? दाखवा." एका काकूंनी दाखवलं. सिंकखाली एकच डबा, फक्त ओल्याचा. सुक्याची पिशवी किचनमध्ये नाहीच, बाल्कनीच्या कडीला टांगलेली, म्हणजे अर्धझोपेतपण हात चुकत नाही. आणि दुधाची पिशवी कापली की तिथल्या तिथे थोडं पाणी घालून ते दुधातच ओतायचं (हे तर आपल्या आयापण करायच्या!), मग पिशवी चिमट्याने ग्रिलला. वास नाही, मुंग्या नाहीत. आम्ही दोन वर्षं कचऱ्याच्या रंगीत डब्यांवर वाद घालत होतो आणि उत्तर एका कडीला लटकत होतं.

हे कळलं की पत्रक छापू नका, करून बघायला लावा. व्हिएतनाममध्ये बायका एकत्र स्वयंपाक करायच्या आणि येताना प्रत्येकीने मूठभर कोळंबी, खेकडे किंवा पाला आणायचा असा नियम होता. आम्ही रविवारी चार-चार जणांना काकूंकडे नेलं, येताना आपापली सुक्याची पिशवी आणायची आणि घरी कुठे टांगणार ते सांगूनच चहा.

काकूंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार मात्र अजिबात नको, बाकीचे रुसतात आणि काकूपण अवघडतात.

आणि घंटागाडीवालाच दोन्ही कचरा एकत्र ओतत असेल तर हे सगळं वाया, आधी तिथे जाऊन भांडा.

दोन महिन्यांनी मावशींना परत तोच प्रश्न विचारा. ग्रुपवर पोल घेऊ नका, पोलमध्ये सगळेच वेगळा करतात.